उशाची साडी

ऑपरेशनच्या आधी घर आवरायचं असतं, पण पाहुण्यांसाठी आवरतात तसं नाही. पायाखाली येईल असं काही ठेवायचं नाही. साताऱ्याच्या गोडोलीतल्या पहिल्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांमधली पायपुसणी समीक्षानं गुंडाळून माळ्यावर टाकली. चार्जरची वायर चिकटपट्टीनं भिंतीला बसवली. न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची ठेवली. तेल, मीठ, चहा-साखर, छोटा कुकर, सगळं ओट्यावर हाताशी आणलं. पुढचे दीड-दोन महिने वाकणं नाही, की टाचा उंचावणं नाही.

"घरात एकट्याच असणार ना तुम्ही? मग आहेत दोन पाय तोवर करून घ्या," फिजिओथेरपिस्ट धैर्यशील म्हणाला होता. तो चेष्टेनं म्हणाला, पण हिनं घरी येऊन वहीत यादी केली. शाळेत खेळाची शिक्षिका ती, यादीवाचून तिचं पान हलत नसे. घरातला प्रत्येक कपडा धुवायचा, वाळवायचा, घडी करून मधल्या कप्प्यात ठेवायचा, हेही यादीत होतं, आणि तेही झालं.

एकेका ओळीवर काट मारत गेली तरी एक राहिलीच. पानाच्या कडेला, बारीक अक्षरात लिहिलेली. सृष्टी.

सृष्टी तिची लेक. तीन वर्षं पुरी व्हायला दोन महिने कमी.

गुडघा गेला तो पावसाळा सरता सरता. मैदानावर मुलींना खो-खोच्या खांबाशी वळायचं कसं ते दाखवत होती. पाय मातीत रुतून राहिला आणि वरचं अंग वळलं. आतून सुतळी तुटावी तसा आवाज झाला. डॉक्टरांनी एमआरआय बघितला आणि चष्मा काढून म्हणाले, "लिगामेंट तुटलाय. घरच्या कामाला, चालण्याफिरण्याला नुसत्या व्यायामावरही भागेल. पण पुन्हा मैदानात पळायचं असेल तर ऑपरेशन करावं लागेल."

"पळायचंय," ती म्हणाली. विचार न करता म्हणाली. शब्द तोंडातून गेल्यावर तिचं लक्ष मांडीवर गेलं. सृष्टी तिच्या ओढणीचं टोक चोखत डॉक्टरांच्या टेबलावरच्या हाडांच्या गुडघ्याकडं बघत होती.

त्या एका शब्दावर पुढचं सगळं घडलं, असं समीक्षाला आजही वाटतं.

नवरा इंद्रजित फौजेत, सरहद्दीवर. वर्षाची सुट्टी संपवून नुकताच परतलेला. आई कॉलेजात असतानाच गेलेली. वडील पुण्याला भावाकडं, त्यांना त्यांचंच होईना. उरली सासू, हरणाबाई. ती जत तालुक्यात, वस्तीवर. घरची पंचवीसेक मेंढरं टाकून साताऱ्याला येऊन राहणं तिला शक्य नव्हतं. म्हणून पोरगीच तिकडं पाठवायची ठरली. सासूला समीक्षा आत्या म्हणे आणि सासऱ्याला मामा.

"गुडघा काय भाकरी थापायला लागतोय व्हय गं?" आत्या फोनवर म्हणाली. "तुला खेळायचं हाय. खेळ बाई. पोरीला दे लावून, मी हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आन एक कर. तुझी अंगावरची साडी दे तिच्यासंगं. दोन दिस नेसलेली, न धुतलेली. उशाला ठिवली की लेकरू आईच्या वासावर निजतंय."

ठरल्या दिवशी सकाळी अर्जुनामामा एसटीनं आले, चहा पिऊन लगेच निघायच्या तयारीत. समीक्षानं कपाट उघडलं. घरात न धुतलेला असा एकही कपडा नव्हता. अंगात होता तो कुडता आत्ता, अंघोळीनंतर घातलेला. आणि साडी तर ती नेसायचीच कुठं? ट्रॅकपँट नाहीतर कुडता, यातच तिचं आयुष्य गेलं होतं.

तळाच्या कप्प्यात एक साडी निघाली. पिवळी, सुती, बारीक तांबड्या काठाची. डोहाळजेवणात ओटीत आलेल्या साड्यांमधली असावी. कुणी दिली होती ते आठवेना. समीक्षा ती घेऊन आतल्या खोलीत गेली, कुडत्यावरूनच अंगाभोवती गुंडाळली आणि बाहेर चहा उकळेपर्यंत तशीच उभी राहिली. पदर मानेवर घासला, काखेत दाबला, वर आपली रोजची पावडर मारली. मग घडी घातली. घडी घालताना एवढं जाणवलं की साडी कोरी असूनही मऊ आहे, पुष्कळदा नेसल्यासारखी, आणि पावडरीच्या खालून तिला दुसराच वास येतोय. लाकडाच्या धुराचा, थोडा उतू गेलेल्या दुधाचा. कपाटात लागला असेल, तिनं मनाशी म्हटलं.

"दोन दिवस नेसलीय मामा," ती म्हणाली.

मामांनी न बघता साडी पिशवीत कोंबली. सृष्टी त्यांच्या खांद्यावरून हात हलवत होती.

"उद्या येते हं मी," समीक्षानं तिला सांगितलं.

एका सकाळी दोन थापा.

*

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी ती वॉकर धरून घरी आली. शाळेतल्या साक्षी मॅडम दोन दिवस सोबतीला राहिल्या, मग त्यांनाही त्यांचा संसार होता. सकाळी तासभर धुण्याभांड्याला रंगूबाई यायची. बाकी दिवसभर समीक्षा, ब्रेसमध्ये बांधलेला उजवा पाय, आणि खिडकीतला अजिंक्यतारा.

घरी आल्याच्या पहिल्या दिवशी आत्याचा फोन आला. "काल सांजच्याला लय रडली. साडी दिली, तिच्यात तोंड खुपसलं, आन गप. आता खेळती हाय. तू काळजी करू नगंस."

समीक्षानं फोन ठेवला आणि त्या दुपारी सलग चार तास झोपली. तीन वर्षांत पहिल्यांदा. जाग आली तेव्हा पाय ठणकत होता आणि मन हलकं होतं. ते हलकं आहे हे ध्यानात आलं तशी तिला स्वतःची शरम वाटली.

दिवस तसे एकसारखे. सकाळी टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवायचा, मांडीचा स्नायू आवळून दहा आकडे मोजायचे, मग बर्फ. धैर्यशील एक दिवसाआड येऊन कोन मोजायचा आणि ती वहीत लिहायची. चाळीस. पंचावन्न. सत्तर. दुपारी तीनला सृष्टीचा व्हिडिओ कॉल.

दुसऱ्या आठवड्यात तिला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. तिनं विचारलं होतं, "जेवलीस का गं माझी चिमणे?" सृष्टीनं लगेच उत्तर दिलं नाही. आधी फोनच्या थोडं वर, डाव्या बाजूला बघितलं, क्षणभर थांबली, आणि मग म्हणाली, "जेवले." पुढचा प्रश्न, पुन्हा तसंच. परक्या माणसानं चॉकलेट पुढं केलं की मूल आधी आईच्या तोंडाकडं बघतं ना, घेऊ का म्हणून? तसं.

"आत्या, तुम्ही कुठं उभ्या आहात?"

"मी हितं, चुलीम्होरं. फोन पोरीच्याच हातात हाय की." आत्याचा आवाज लांबून, उजवीकडून आला.

पुढच्या कॉलला सृष्टीच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या. बारीक, घट्ट, कानामागून वळवून वर बांधलेल्या, एक केस इकडचा तिकडं नाही. आत्याची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, तिला स्वतःचा अंबाडाही धड घालता येत नसे.

"येण्या व्हय? आंबूबाईनं घातल्या आसतील," आत्या म्हणाली. अंबूबाई पलीकडच्या वस्तीवरची. "पोरगी दुपारची पडवीत खेळत हुती, मी मेंढरांकडं. आले तर येण्या घातलेल्या."

दोन दिवसांनी बोलता बोलता आत्याच म्हणाली की अंबूबाई लेकीच्या बाळंतपणाला विजापूरला जाऊन पंधरा दिवस झाले. आपण काय बोललो हे तिच्या लक्षातही आलं नाही. समीक्षाच्या आलं. तिनं वहीत, ऐंशी अंशांच्या खाली, लिहिलं: वेण्या कुणी? मग खोडून टाकलं.

तिच्याकडं सृष्टीचा एक झबल्यासारखा फ्रॉक होता, धुण्यातून चुकून राहिलेला, पलंगाखाली रंगूबाईला सापडलेला. समीक्षा तो उशीखाली ठेवू लागली. पहिले काही दिवस त्याला सृष्टीच्या मानेचा वास होता, घामाचा आणि बेबी तेलाचा. मग तो विरत गेला. वास उडतोच, त्यात काय. पण एका दुपारी तिनं फ्रॉक नाकाशी धरला आणि तिला लाकडाचा धूर लागला. तिच्या घरात गॅस होता. तिनं रंगूबाईला विचारलं, "चुलीपुढून आलीस का गं?"

"न्हाई म्याडम," रंगूबाई म्हणाली. "आमच्यातबी गॅसच हाय की आता. का वो?"

*

"ती साडीलाच आई म्हणती," आत्या एकदा हसत म्हणाली. "म्हणती आई आली, आई गेली, आईनं न्हाऊ घातलं. आगं, वासाचं लय हाय त्ये. मेंढी पिल्लू वासानं वळखती, डोळ्यानं न्हाई. एखाद्या मेंढीचं पिल्लू मेलं आन दुसरं एखादं पोरकं आसलं, तर आमी काय करतो ठावं हाय? मेलेल्या पिल्लाचं कातडं काढायचं आन त्या पोरक्याच्या अंगावर घालायचं. मेंढी हुंगती, आपलंच समजती, पाजती. चार दिसांनी कातडं काढून टाकायचं. तवर त्यांचं जमल्यालं आसतंय. मग कातड्याची गरज न्हाई."

"पण आत्या," समीक्षा म्हणाली. "तिथं वासाला फसते ती आई. इथं तर पोर फसतंय."

"म्हंजे?"

"काही नाही."

सांगायला हवं होतं. त्या क्षणी तिला म्हणता आलं असतं: आत्या, ती साडी मी नेसलेलीच नाही. तिला माझा वास नाही. पोरगी कुणाच्या वासावर निजतेय ते मला माहीत नाही. गुडघ्यासाठी पोर लांब केली, त्यावर ही आणखी एक नामुष्की सांगायला तोंडच नव्हतं तिला.

मग तो शुक्रवारचा फोन. आत्या सहज म्हणाली, "तू म्हणलीस तसं उजव्या कुशीवर निजवती मी हिला. खरंच खोकत न्हाई गं."

समीक्षाच्या हातातली बर्फाची पिशवी तशीच राहिली. सृष्टी डाव्या कुशीवर झोपली की खोकते. हे खरं होतं. तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, इंद्रजितलाही नाही.

"मी कधी म्हणाले, आत्या?"

"काल की परवा. म्हणलीस न्हवं?"

"फोनवर?"

"फोनवर न्हाई का? मग कवा म्हणलीस?" आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "म्हणलीस खरं."

समीक्षानं फोनची नोंद तपासली. रोज तीनचा कॉल, बाकी काही नाही. गोळ्यांच्या गुंगीत आपण बोललो असू, हेही तिनं धरून बघितलं. पण गोळ्या बंद होऊन आठ दिवस झाले होते, तेही वहीत लिहिलेलं होतं.

तिनं इंद्रजितला सगळं सांगितलं. साडीचं सोडून. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आई म्हातारी झाली गं. इकडचं तिकडं होतं तिच्या डोक्यात. आणि तू एकटी भिंतीकडं बघत बसतेस." मग मायेनंच, पण म्हणाला, "खरं सांग समीक्षा, पोरगी रडत नाही, हेच टोचतंय ना तुला?"

टोचत होतं. ते खरंच होतं. आणि ते खरं असल्यामुळं पुढचं काही बोलायची सोय उरली नाही.

*

पाचव्या आठवड्यात तिनं आत्याला सांगितलं, साडी धुवा आणि पेटीत टाका. का, ते सांगितलं नाही. आत्या कुरकुरली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं साडी धुऊन ओलीच पेटीत घातली, वर पितळी पातेलं ठेवलं.

दुपारी दोनला फोन वाजला. मागं सृष्टी रडत होती. समीक्षानं लेकीचं सगळ्या तऱ्हेचं रडणं ऐकलं होतं. भुकेचं, हट्टाचं, लागल्याचं. यातलं ते एकही नव्हतं. ते एकसुरी होतं, श्वास घ्यायला न थांबणारं.

"सकाळधरनं आसंच हाय," आत्या म्हणाली. "अंग तापलंय. पाणी घेत न्हाई. दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली हाय, पर ती याला तास लागंल. समीक्षा, काढून देऊ का गं साडी?"

खिडकीबाहेर ऊन होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. गुडघा नव्वद अंशांत वाकवून ती पलंगाच्या कडेला बसली होती आणि तिला दोनशे किलोमीटर उडी मारता येत नव्हती.

सांग आता, तिनं स्वतःला म्हटलं. आत्ता सांग.

"द्या," ती म्हणाली. "द्या तिला."

पावलांचा आवाज. पेटीची कडी. पातेलं जमिनीवर आदळलं. मग बराच वेळ काहीच नाही. रडणंही नाही.

"आत्या?"

"पेटीत न्हाई," आत्या हळू म्हणाली. "पोरीच्या उशालाच हाय. म्या तर सोता घातली हुती." मग म्हणाली, "निजली गं पोरगी. ताप उतरल्यागत वाटतोय."

"साडी ओली आहे का?"

आत्यानं बघितलं असावं.

"न्हाई. वाळल्याली हाय. ऊन ऊन लागती."

त्यानंतर समीक्षानं साडीचा विषय काढला नाही. आपणच हो म्हटलं, हे तिच्या मनातून जात नव्हतं. वहीत ती फक्त अंश लिहीत गेली. शंभर. एकशे पाच. जिना एक पाऊल एका पायरीवर टाकून उतरली. वॉकर गेला, मग कुबडी गेली. धैर्यशील म्हणाला, "मॅडम, एवढ्या जिद्दीनं करणारी पेशंट मी बघितली नाही." तिला ते कौतुक नको झालं. ती खेळासाठी करत नव्हती आता. तिला जतला जायचं होतं.

*

दहाव्या आठवड्यात, एप्रिलच्या सुरुवातीला ती निघाली. खालच्या मजल्यावरच्या भाऊसोंची गाडी होती, चालवायला तेच. विटा मागं पडलं तसा ऊस संपला. मग द्राक्षांचे मांडव, मग तेही नाहीत. जमीन पांढुरकी होत गेली.

"ह्या भागात तुमचं सासर म्हंजे तुमचं आयुष्य टँकरवर म्हणा की," भाऊसो म्हणाले.

"मी राहते कुठं तिथं?" ती म्हणाली, आणि ते बोलणंही तिला लागलं.

वस्तीवर पोचली तेव्हा बारा वाजले होते. टँकर नुकताच लागला होता, विहिरीत पाणी सोडणं चाललं होतं. नळीच्या गळक्या जोडावर एक चिंधी करकचून बांधलेली होती. पिवळी, बारीक तांबड्या काठाची.

आत्या पुढं आली, तिला धरूनच उभी राहिली. "बरी वाळलीस गं. पाय बघू."

"आत्या, ती साडी..."

"ती व्हय? फाडली. नळी गळत हुती, फडकं लागत हुतं." आत्यानं हात झटकला. "पंधरा दिस झालं, पोरगी इचारतबी न्हाई. आता लागत न्हाई तिला."

समीक्षाच्या छातीवरचं ओझं उतरलं. फाटली, भिजली, संपली. इतकं सोपं होतं. तिला एकदम रडू आलं.

आणि सृष्टी धावत आली. पडवीतून, अनवाणी, दोन घट्ट वेण्या उडवत. "आई आली!" म्हणून ओरडत येऊन तिनं समीक्षाच्या बऱ्या पायाला मिठी मारली. बऱ्या पायाला, हेही समीक्षाच्या लक्षात आलं. तिनं ब्रेसचा विचार न करता खाली बसकण मारली, लेकीला पोटाशी धरलं, केसांत तोंड घातलं. धुराचा वास होता, दुधाचा होता. चुलीच्या घरात राहिलेल्या पोराला दुसरा कसला येणार? ती पोटभर रडली. तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून सृष्टी उभी होती, शांत. पडवीच्या दाराकडं बघत होती.

"घरी जायचं ना? आपल्या घरी?"

सृष्टीनं क्षणभर दाराकडं तसंच बघितलं.

"जायचं," ती आनंदानं म्हणाली.

जेवण करून दीडला तिघं निघाली. समीक्षा मागच्या सीटवर चढायला लागली तशी आत बसलेल्या सृष्टीनं हात आडवा धरला.

"तू पुढं बस."

"का गं? मला तुझ्याजवळ बसू दे की."

"तुझा पाय ताणतो. पुढं बस, पाय लांब कर." आणि समजूत घातल्यासारखी म्हणाली, "मी पडत न्हाई."

भाऊसो मोठ्यानं हसले. "म्याडम, ही लेक हाय का फिजिओ?"

समीक्षाही हसली. पाय खरंच ताणत होता. सृष्टी पडायला नको म्हणून तिनं कपड्यांची पिशवी मागच्या सीटच्या खाली, कडेला लावली, आणि पुढं बसली.

ऊन रस्त्यावर पाण्यासारखं हलत होतं. मागं सृष्टीची बडबड चालली होती. मेंढरं, कोकरू, टँकर. मधेच खुदकन हसली. मधेच गप्प राहून "व्हय" म्हणाली. मग "नगं." मग तिचा आवाज बारीक होत गेला.

"झोपली वाटतं," भाऊसो म्हणाले.

समीक्षानं डोक्यावरची उन्हाची झडप खाली केली. झडपेच्या आत छोटा आरसा होता. तो तिनं मागच्या सीटकडं वळवला.

सृष्टी उजव्या कुशीवर झोपली होती. गुडघे पोटाशी, अंगठा तोंडात. पाय सीटवर टेकलेले. कंबर टेकलेली.

डोकं टेकलेलं नव्हतं.

सीटपासून वीतभर वर होतं ते. निवांत, गाल एका बाजूला दबलेला. मांडीवर असावं तसं.

खाली पिशवी असेल. पिशवी तिनं लावली तिथंच होती, सीटच्या खाली. गोधडी असेल. गोधडी डिकीत होती. मान आखडली असेल, मुलं झोपेत कशीही झोपतात. पण झोपलेल्या मुलाची मान कशी असते, ते तिला माहीत होतं.

गाडी खड्ड्यात आदळली. समीक्षाच्या गुडघ्यातून कळ गेली. पिशवी लवंडली. सृष्टीचे पाय हिंदकळले.

डोकं हललं नाही. फक्त कपाळावरचे मोकळे केस एकदम सपाट दबले, कुणी वेळेवर हात ठेवावा तसे.

"सॉरी म्याडम," भाऊसो म्हणाले. "उठली का काय पोरगी?"

थांबवा, एवढंच म्हणायचं होतं. उतरायचं, मागचं दार उघडायचं, लेकीला उचलून पोटाशी घ्यायचं. गुडघा आता एवढा वाकत होता.

आरशात सृष्टीचा श्वास संथ चालला होता. इतकी गाढ ती समीक्षाजवळ कधीच झोपली नव्हती.

"नाही उठली," ती म्हणाली. "सावकाश घ्या."

कपाळावर दबलेले केस हळूच मागं सरकले. मग पुन्हा, एकदा.